आडवं ठेवलेलं कार्ड

भाद्रपद लागला की आमच्या नांदेडात सगळ्यात आधी पपईच्या झाडांवर संकट येतं. डेंगूवर पपईचा पाला चांगला, असं कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय, तेव्हापासून या दिवसांत आमच्या गल्लीतलं एकुलतं एक पपईचं झाड पार बोडकं होतं. दवाखान्याच्या फाटकापाशी नारळपाणीवाल्याच्या शेजारी किवीचे गाडे उभे राहतात. एरवी किवी कुणी विचारत नाही इथं. पण ताप आला की हिमायतनगरकडचा बाप्या माणूससुद्धा पिशवीत चार किवी घेऊन पोरीच्या उशाशी बसलेला दिसतो. शिवारात सोयाबीन शेंगांवर आलेलं असतं, गल्लोगल्ली गणपती बसलेले असतात आणि आमच्या लॅबच्या खिडकीसमोर रांग लागलेली असते. रांगेत निम्मी पोरं क्लासवाली. अंगात ताप, कपाळावर ओला रुमाल आणि हातात तरीही प्रश्नसंचाचं जाडजूड पुस्तक.

मी या लॅबमधला तंत्रज्ञ. कदम. आयुष्य रक्ताच्या नळ्या हलवण्यात गेलं. यंदा रांग लागली आणि मला दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवायला लागला. आठवायला लागला म्हणजे काय, पोटात जळायला लागलं. आधीच सांगून टाकतो, हे एका जळकुकड्या माणसानं लिहिलेलं आहे. आमची सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, हे वाचेल तेव्हा म्हणेल, "एवढं तरी खरं लिहिलं."

आमच्याकडे आजार होत नाही, निघतो. "काय निघालं हो रिपोर्टमदी?" असं खिडकीतून विचारतात. "काहीच न्हाई निघालं" म्हटलं की बाई हात जोडून वर बघते, आणि "निघालं" म्हटलं की माझ्याकडेच अशी बघते की जणू मीच आत हात घालून काढलंय. मला हा शब्द लई आवडायचा. निघालं म्हणजे आत होतंच, कुणीतरी बाहेर काढलं. आणि काढणारा कोण, तर कदम.

तपासणीचं कार्ड काडेपेटीहून जरा लांब, पांढरं. त्याच्या खळग्यात रक्तातलं पिवळं पाणी आणि औषधाचे थेंब टाकायचे, घड्याळ लावायचं, वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ येतेच, ती आली की कार्ड चांगलं आहे एवढंच कळतं. दुसरी रेघ आली तर डेंगू निघाला. आता दुसरी रेघ ठसठशीत आली तर चहावालाही सांगेल. ती येते आणि येतही नाही, तिथं खरी गंमत आहे. खिडकीकडे धरलं तर आहे, ट्यूबलाईटखाली धरलं तर नाही. अशा कार्डावर आमच्या विभागप्रमुख मॅडम सगळ्यांना थांबवायच्या आणि मला हाक मारायच्या. मी हातातलं काम सोडून मुद्दाम सावकाश यायचो. चष्मा वर करायचो. सगळी लॅब गप्प. मग मी म्हणायचो, "न्हाई. सावली हाय ती." तेवढा एक क्षण माझा असायचा.

तर त्या वर्षी नवीन बनावटीचं कार्ड आलं, आणि ते कितपत खरं बोलतं हे शोधायचं ठरलं. त्यासाठी पांचाळ सर आले, सांख्यिकीचे. पोरसवदा माणूस, खिशाला तीन पेनं, बोलताना हवेत चौकटी काढायची सवय. मी त्यांना म्हणालो, "सर, यात काय एवढं? मोठी एलायझा तपासणी करायची आणि कार्ड तिच्याशी ताडून बघायचं."

"आणि एलायझाच चुकली तर?" ते म्हणाले.

चुकते, हे मला माहीत होतं.

"असं समजा कदमसाहेब, खरं काय ते कुणालाच माहीत नाही. तीन साक्षीदार आहेत. एक एलायझा, आणि कार्ड वाचणारी दोन माणसं. तिघंही थोडे थोडे चुकतात. पण तिघं एकमेकांशी न बोलता साक्ष देत असतील, तर ते कुठं जुळतात आणि कुठं फाटतात, एवढ्यावरून कोण किती भरवशाचा ते गणितानं काढता येतं."

"खरं माहीत नसताना?"

"खरं माहीत नसताना."

मला ही हिकमत भारी वाटली. म्हटलं, "आणि साक्षीदार आपसात बोलले तर?"

"तर गणित गंडतं. दोघं मिळून एकच चूक करतात आणि गणिताला वाटतं, वा, दोघंही खरे."

आम्हाला कळावं म्हणून त्यांनी दोन शब्द काढले होते. पकड आणि सोड. ज्याला आजार आहे त्याला हेरणं ही पकड, ज्याला नाही त्याला उगाच न अडकवणं ही सोड. कार्डाची पकड-सोड निघेल, म्हणाले, आणि वाचणाऱ्यांचीही निघेल. प्रत्येकाची वेगळी. हे ऐकून मी मनातल्या मनात मिशीवर हात फिरवला. इतकी वर्षं जे सगळ्यांना ठाऊक होतं ते आता कागदावर येणार होतं.

दुसरी वाचणारी लातूरहून आली. मीरा बिराजदार. तिशीतली, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा. तिथल्या एका लहानशा लॅबमध्ये होती, अनुभव असा काही फार नाही. मुदखेडला मावशी होती तिची, तिच्याकडे राहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायची. मला "सर" म्हणायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "लातूर पॅटर्नच्या का तुम्ही?" ती हसली, म्हणाली, "नाही सर, मी काठावर पास होणाऱ्यातली." सगळे हसले. मला तेही आवडलं नाही.

नांदेडकर आणि लातूरकर यांचं काय आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आयुक्तालय कुणाकडे, रेल्वे कुणाची, क्लास कुणाचे मोठे, इथून सुरू होतं आणि लग्नाच्या पंगतीतल्या वरणापर्यंत जातं. पण खोटं कशाला बोलू, माझं जळणं त्यातलं नव्हतं. ती नुसती लातूरची असती तर मी चार टोमणे मारून मोकळा झालो असतो. ती कार्ड हातात घ्यायची, एकदा बघायची आणि लिहायची. चष्मा वर करणं नाही, खिडकीशी जाणं नाही. आठवड्याभरात लॅबमधल्या पोरी काही अडलं की तिच्या टेबलाशी जायला लागल्या. मॅडमसुद्धा एकदा माझ्यासमोरून कार्ड घेऊन सरळ तिच्याकडे गेल्या. माझ्या अंगाचा तीळपापड झाला. मावशीनं दिलेले धपाटे ती दुपारी सगळ्यांना वाटायची, वर दही. धपाट्यांचा तो खमंग वास अख्ख्या खोलीत. मला म्हणायची, "सर, घ्या ना एक." मी म्हणायचो, "पित्त झालंय." महिनाभर मला पित्त होतं. घरी जाऊन सुनंदाला म्हणायचो, वाढ लवकर, आणि ती विचारायची, "डबा होता की सोबत, एवढी भूक कशानं लागून राहिली?"

"तिला लई शहाणपण हाय," मी एकदा जेवताना बोललो.

"कुणाला?"

"त्या लातूरवालीला."

सुनंदानं भाकरी ताटात टाकली. "आज चौथ्यांदा तिचं नाव. आधी मला वाटलं म्हातारपणी पाय घसरला का काय. पण तसं नाही दिसत. तुमच्या पोटात दुखून राहिलंय."

कामाची रीत अशी होती. आमच्या दोघांच्या मध्ये हिरवा पडदा. दहा कार्डांचा एक ट्रे. एकानं दहाही वाचून आपल्या फॉर्मवर लिहायचं, फॉर्म पेटीत टाकायचा, मग ट्रे पडद्याखालून दुसऱ्याकडे सरकवायचा. बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. आज पहिलं कोण, हे पांचाळ सर सकाळी चिठ्ठी काढून ठरवायचे. फॉर्मवर चुकलं तर गिरवायचं नाही, त्याच्यावर एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. पंख्याची घरघर, बाहेर पोरांचं खोकणं, स्पिरिटचा वास आणि पडद्यापलीकडे तिच्या बांगड्यांचा बारीक आवाज. तिच्या हाताचा वेग मला त्या आवाजावरून कळायचा आणि मी माझा वाढवायचो.

अर्धा हंगाम झाल्यावर पांचाळ सर कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे आले. म्हणाले, "विचित्र आहे. ज्या दिवशी बिराजदार पहिल्या असतात त्या दिवशी फिक्या रेघांवर तुमचं दोघांचं बऱ्याचदा जुळत नाही. ते ठीक आहे, माणसं आहेत. पण ज्या दिवशी तुम्ही पहिले, त्या दिवशी अगदी तंतोतंत जुळतं."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! असा आनंद मला माझ्या पोराच्या बारावीच्या निकालाला झाला नव्हता. "सर," मी म्हणालो, "बाई नक्कल करतात. कशी करतात ते तुम्ही शोधा. मला तर पहिल्या दिवसापासून डाऊट होता." होता कुठला, पण त्या क्षणी मला तो पहिल्या दिवसापासून असल्यासारखा वाटला. मी मॅडमकडेही गेलो. तिथंही तेच बोललो, वर आणखी थोडं घालून.

दुसऱ्या दिवशी पांचाळ सर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. चिठ्ठी माझी निघाली. मी वाचलं, लिहिलं, ट्रे सरकवला. दुसरा ट्रे, तिसरा ट्रे. तिसऱ्या ट्रेला ते उठले आणि त्यांनी माझा हात धरला. "हे काय करताय?"

"काय?"

"हे कार्ड आडवं का ठेवलंत?"

मी ट्रेकडे बघितलं. दहा कार्डांतली सहा उभी होती, चार आडवी. जी मी 'निघालं' लिहिली होती ती चार.

मी लॅबमध्ये उमेदवारी करायला आलो तेव्हा शेख साहेब आमचे उस्ताद होते. तेव्हा कार्डं नव्हती, काचपट्ट्या होत्या. ज्या काचेवर काही निघालं ती आडवी ठेवायची, म्हणजे रजिस्टर लिहिणाऱ्याला शोधावं लागत नाही. "आडवा रख बेटा, आडवा," असं म्हणून त्यांनी पहिल्या महिन्यात माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. त्यानंतर माझ्या हातानं कधी विचारलं नाही. काचपट्ट्या गेल्या, कार्डं आली, पडदा आला, पेटी आली, आणि माझा हात आपला आडवं ठेवत राहिला. आमच्या लॅबमध्ये सगळेच तसं ठेवतात, म्हणून कुणाच्या ते नजरेत आलं नाही. बाहेरच्या माणसालाच दिसायचं होतं.

पांचाळ सरांनी पडदा बाजूला केला. बिराजदार बाई उभी राहिली. त्यांनी तिला विचारलं, "हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीच."

"मग सांगितलं का नाही?"

ती माझ्याकडे बघायला लागली. गोंधळली होती बिचारी. "मला वाटलं सर मला शिकवतायत," ती म्हणाली. "मी आधी माझं लिहायचे सगळं. मग ट्रेकडे बघायचे. जिथं सरांचं वेगळं, तिथं माझं खोडायचे. सरांची नजर एवढी... मला वाटलं, मुद्दाम दाखवतायत, कळू न देता."

मला कुठं बघावं ते कळेना. नक्कल नक्कल म्हणून मी आदल्या दिवशी दोन ठिकाणी बोंब ठोकून आलो होतो, आणि फितुरी माझ्या हाताची होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला ती फितुरी वाटलीच नव्हती. ती त्याला माझा मोठेपणा समजली होती.

माझ्या पहिलेपणाचे सगळे दिवस बाद झाले, म्हणजे तोवर झालेलं निम्मं काम. पुढचे दिवस आम्ही कार्डं खाचांच्या फळीत ठेवली, तिथं आडवं ठेवताच येत नाही. नवरात्र बसलं, माहूरला जाणाऱ्या बायकांनी गाड्या भरून जायला लागल्या, ताप ओसरला, काम संपलं आणि बिराजदार बाई लातूरला परत गेली. जाताना माझ्या पाया पडली. मी मागे सरलो, तरी पडलीच.

निकाल आला तो दिवाळीनंतर. पांचाळ सरांची संभाजीनगरला बदली झाली होती, जायच्या गडबडीत त्यांनी एक लिफाफा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "यात दोघांची पानं आहेत. बिराजदारांचं तुम्हीच द्या, तुम्ही लातूरला जाता लग्नाकार्याला." मी संडासात जाऊन लिफाफा उघडला. लॅबमध्ये दुसरीकडे दार लागत नाही.

सोडमध्ये मी तिच्या अर्धं पाऊल पुढे होतो. उगाच कुणाला अडकवत नव्हतो. पकडीत ती माझ्या कितीतरी पुढे. फिक्या रेघा तर मी सर्रास सोडत होतो, सावली हाय, सावली हाय करत. आणि खाली सरांनी हातानं एक ओळ लिहिली होती. बाद दिवसांतली तिची खोडलेली उत्तरं त्यांनी वेगळी काढून बघितली होती. एक रेघ मारलेली, खालचं वाचता येणारी. जास्त करून खोडलेलंच बरोबर होतं.

मी ती ओळ कितीदा वाचली ते सांगत नाही. लिफाफा घरी आणला आणि कपाटात पँटींच्या खाली ठेवला. चार दिवसांनी तिचा फोन आला, "सर, आपला निकाल आला का हो?"

मी म्हणालो, "आला की. दोघांचं जवळपास सारखंच हाय."

"खरंच?" ती केवढी खूश झाली. "तुमच्याइतकं माझं? चेष्टा नका करू सर."

बस. एवढंच खोटं. त्यात अर्धं पाऊल खरंही होतं, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या खोट्याला पाय फुटले. मागच्या भाद्रपदात तिनं मला मोबाईलवर कार्डांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. 'सर, मला पुसट रेघ वाटते. आहे का?' फोटोत ती दिसतच नाही धड, हे कुठल्याही तंत्रज्ञाला कळतं. मी म्हणू शकलो असतो, बाई, फोटोवर कुणी सांगतं का? पण मी मोबाईल लांब धरायचो, जवळ धरायचो, आणि लिहायचो, 'नाही. सावली आहे.' ती लिहायची, 'धन्यवाद सर.' सुनंदा विचारायची, "कुणाचा मेसेज, एवढं तोंड फुललंय?" मी म्हणायचो, "लातूरवाल्यांना आपल्याशिवाय जमत नाही."

एकदा अशाच एका 'नाही' नंतर तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "सर, ती परवाची मुलगी आठवते का, होस्टेलवरची, उदगीरकडची? घरी गेली होती. आज परत आणली. अतिदक्षता विभागात आहे. डेंगूच आहे म्हणतात."

मी म्हणालो, "कार्ड हाय, चुकतं कधीकधी."

"हो सर," ती म्हणाली. तिनं मला दोष दिला नाही. कार्डाला दिला. मुलगी वाचली, हे दहा दिवसांनी कळलं, आणि त्या दहा दिवसांत मी काय खाल्लं ते विचाराल तर मला आठवत नाही. तरीही मी तिला सांगितलं नाही. माणूस किती जळका असू शकतो बघा. पोरगी मरता मरता वाचली, तरी त्या कपाटातला लिफाफा माझ्यानं बाहेर निघेना.

यंदा गणपती बसायच्या आदल्या दिवशी पहिला फोटो आला. 'सर, मला रेघ दिसते. तुम्हाला?' मला दिसत नव्हती. अंगठा 'नाही' वर गेला होता. काय झालं कुणास ठाऊक, मी उठलो, कपाटातून लिफाफा काढला आणि तिला फोन लावला.

"बिराजदार, तुम्हाला दिसतीय ना? मग आहे. निघालं म्हणून लिहा. आणि जरा ऐका." मी सगळं वाचून दाखवलं. पकड, सोड, खालची हातानं लिहिलेली ओळ.

मग ती म्हणाली, "हे कधी आलं?"

"परारच्या दिवाळीनंतर."

"म्हणजे मागच्या वर्षी तुम्हाला माहीत होतं."

"हाव."

"ती उदगीरची मुलगी. मला रेघ दिसली होती सर. मी 'निघालं' लिहिलं होतं. तुमचा मेसेज आला म्हणून खोडलं."

मी म्हणालो, "मला नव्हती दिसली, देवाशप्पथ. पण तुमचं खरं धरा, एवढं म्हणता आलं असतं."

"का नाही म्हणालात?"

मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सुनंदाला तर ते न सांगताच ठाऊक होतं. "जळत होतो तुमच्यावर," मी म्हणालो. "अजून जळतो."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "ठेवते सर. बाहेर रांग आहे." त्यानंतर फोटो आला नाही. एकही नाही. मोबाईल वाजला की मी अजून बघतो.

परवा दुपारी खिडकीशी एक बाप उभा होता, हिमायतनगरकडचा. मागे बाकावर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. पोरगी लातूरला क्लासला होती, ताप आला म्हणून तो तिला घेऊन निघाला होता. त्यानं घडी घातलेला कागद पुढे केला. बिराजदारांची सही. 'निघालं' असं आमच्या भाषेत म्हणतो ते तिथं इंग्रजी शब्दात लिहिलेलं, स्वच्छ, कुठं खाडाखोड नाही. खाली लिहिलेलं, रेघ फिकी आहे, ताबडतोब दाखल करावे.

"त्या बाई म्हणल्या निघालंय," तो म्हणाला. "पण सायब, मी म्हणलं गावाकडं जाता जाता नांदेडात एकदा बघून घ्यावं. इथं कदम म्हणून हायेत, त्यांची नजर पक्की हाय म्हणतेत. न्हाई म्हणले तर घरीच नेतो, सोयाबीन बी काढायला आलंय."

मी म्हणालो नाही की मीच कदम. रक्त घेतलं, नवीन कार्ड लावलं, घड्याळ लावलं. वीस मिनिटं झाल्यावर कार्ड उचललं. चष्मा वर केला. खिडकीकडे धरलं, ट्यूबलाईटखाली धरलं, पुन्हा खिडकीकडे. बाप जाळीला तोंड लावून बघत होता. पोटात तीच जुनी आग, दोन वर्षांत जराही कमी न झालेली.

"काय सायब? न्हाईच ना?"

"निघालंय," मी म्हणालो. "बाईंनी सांगितलं तेच खरं. घरी नेऊ नका, आत्ता दाखल करा." तो पोरीला उठवायला धावला. कार्ड माझ्या हातात होतं, आणि त्याच्यावर मला काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं.